सावकार न घालता गोष्ट उभी राहते का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण लेखकानं विचारलंय. त्याची पटकथा अशी: घाटंजीकडचं एक खेडं. तिथली तिशीतली बाई, एक पोरगी शाळेत जाणारी. गेल्या पोळ्यानंतर नवऱ्यानं आत्महत्या केली. चार एकर वावर सासऱ्याच्या नावावर. यंदाची कपाशी आपणच लावायची असं ती ठरवते, आणि गोष्ट मृगापासून पहिल्या वेच्यापर्यंत चालते. पटकथेच्या एका शिबिरात त्याला सांगण्यात आलं की नायिकेला ठोस ध्येय नाही, खलनायक नाही, चाळिसाव्या पानापर्यंत काही घडत नाही. एखादा सावकार टाक, दिराची वाईट नजर दाखव, म्हणजे सिनेमा होईल. गावात मात्र तो हीच गोष्ट तोंडी सांगतो तेव्हा ऐकणारे जागचे हलत नाहीत. मुख्य प्रवाहातल्या सिनेमाचे नियम आपल्याकडच्या गोष्टींना लागूच होत नाहीत का, असं तो विचारतो.

भाऊ, लागू होतात. चांगले लागू होतात. शिबिरात तुम्हाला नियम सांगितले, पण ते कशासाठी आहेत हे सांगायचं राहून गेलं. मी पटकथा लिहितो, आणि त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यात जातो. पटकथा कुठे सुटते ते मला बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं: प्रेक्षकानं कशाची वाट पाहायची हे लेखकाला ठाऊक असतं, पण त्यानं ते प्रेक्षकाला सांगितलेलं नसतं.

शिबिरांत सांगतात तो तीस पानांचा हिशोब आधी बघू. पटकथा शिकवणारे अमेरिकी लेखक सिड फील्ड यांनी १९७९ साली १२० पानांच्या पटकथेची सुरुवात, मध्य आणि शेवट यांसाठी ३०-६०-३० अशी विभागणी मांडली. एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, म्हणून अर्ध्या तासाच्या आत गोष्टीनं वळण घ्यावं. जगभरची शिबिरं त्यावर चालतात. आकडा सोडून द्या, त्यामागची अडचण मात्र खरी आहे. अंधारात बसलेल्या माणसाला लेखकाला काही विचारता येत नाही. गावात पारावर तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा समोरचा 'मंग?' म्हणतो. त्याचा आवाज जरा उतरला की तुम्ही नकळत पुढची दोन वाक्यं गाळता आणि कामाच्या जागी येता. त्याचे डोळे चमकले की तिथे रेंगाळता. कागदावर 'मंग?' म्हणणारं कोणी नसतं. पटकथेचे सगळे रूढ नियम त्या न दिसणाऱ्या माणसासाठी आहेत.

आता एक काम करा. पारावर गोष्ट सांगताना तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं ते आठवा. मला खात्री आहे, ते असं काहीतरी असेल: 'सासरा वावर मक्त्यानं द्याले निंगाला होता, अन् हे बाई म्हणे मीच वाहीन.' मक्ता म्हणजे ठरलेल्या रकमेवर वावर वर्षभर दुसऱ्याला वाहायला देणं. एका वाक्यात दोन माणसं, एक जमीन आणि एक भांडण आलं. ऐकणारा तिथेच बसतो. तुमच्या पटकथेत ही गोष्ट चाळिसाव्या पानावर येते. त्याआधी पहाट, सडा, चूल, पोरीची वेणी, बैलांना पाणी, शेजारणीशी बोलणं आहे. हे सगळं सुंदर लिहिलंय, आणि त्यातलं जवळजवळ सगळं ठेवता येईल. फक्त ते मक्त्याच्या बोलण्यानंतर यायला हवं. सासरा वावर देऊन मोकळा होणार हे कळल्यावर तीच वेणी, तेच पाणी बघताना माणूस विचार करतो की आता ही काय करणार. दृश्य तेच राहतं, बघणारा बदललेला असतो.

मक्त्याची बोलणी उन्हाळ्यातच होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून गोष्ट मृगापासून सुरू न करता मेच्या उन्हात, वखरणीच्या दिवसांत सुरू करा. नायिकेचं ध्येय, मुदत, अडथळा असे शब्द शिबिरात ऐकले की वाटतं, हे हाणामारीच्या सिनेमाचं सामान आहे. पण कोरडवाहू शेतीइतकी कडक मुदत कोणत्या थरारपटात आहे? मृग ७ जूनच्या आसपास लागतो. पाऊस आला की हाताशी मोजके दिवस असतात. बियाण्याची पाकिटं त्याआधी घरात हवीत. त्यासाठी पैसा हवा, आणि जमिनीवर तिचं नाव नसल्यानं बँकेच्या दारात तिला पीककर्ज मागता येत नाही. एवढ्यात ध्येय, मुदत आणि अडथळा तिन्ही आले, आणि एकही गोष्ट बाहेरून आणावी लागली नाही.

मग दुबार पेरणी. तुमच्या पटकथेत ती दोन पानांत उरकली आहे आणि मला ते खटकतं, कारण सबंध सिनेमाचा कणा तिथे आहे. पहिल्या पावसात सरकी टोबली, अंकुर वर आले, आणि पावसानं पंधरा-वीस दिवस खंड दिला. अंकुर करपले. इथवर बाईनं घेतलेली जोखीम ही हौस म्हणून, दुःखातला हट्ट म्हणून समजून घेता येत होती. दुसऱ्यांदा बियाणं घ्यायचं म्हणजे अंगावरचं काहीतरी मोडायचं किंवा कोणाच्या तरी उपकारात जायचं. याच ठिकाणी नवरा तीन वर्षांपूर्वी उभा होता. त्यानं काय केलं होतं हे प्रेक्षकाला आधी कळलेलं असेल, तर मध्यांतर इथेच पडतं. आपल्याकडच्या सिनेमाला मध्यांतर असतं हा व्यवहाराचा भाग असला तरी त्यानं आपल्या पटकथेला एक चांगली शिस्त लावली आहे: लोक चहाला उठताना त्यांच्या मनातला प्रश्न बदललेला असावा. 'ही पेरणी करेल का' या प्रश्नानं आलेला माणूस 'हीसुद्धा त्याच वाटेनं जाईल का' या धास्तीनं बाहेर पडला पाहिजे.

सावकाराचं बोलू. तो घालू नका, असं मी ठामपणे सांगतो. काळी टोपी, लाल वही, दारात उभी जीप, हे आमच्या भागाच्या गोष्टीचं फार नुकसान करून बसलं आहे. खाजगी सावकारी संपलेली नाही, तिच्यावर राज्यात २०१४ सालचा स्वतंत्र कायदा आहे, हे खरं. पण खलनायक आला की प्रेक्षकाला उत्तर मिळतं. सगळं या माणसामुळे झालं, हा गेला की सुटलो, असं समजून तो निवांत घरी जातो. खेड्यात माणूस अडतो तो बहुतेक वेळा ओळखीच्या, बऱ्या माणसांत अडतो. कृषी केंद्रवाला उधारीवर पाकिटं देतो, तिच्या नवऱ्याच्या मयताला तो आलेला असतो, आणि त्यालाही कंपनीचे पैसे भरायचे असतात. बचत गटातल्या बाया तिला कर्ज द्यायला तयार असतात, पण हप्ता चुकला तर सगळ्यांचं नाव खराब होणार. तलाठी कायद्यानं बरोबर असतो.

आणि सासरा. तुम्ही त्याला खडूस लिहिलंय. त्याच्या बाजूनं एकदा सबंध गोष्ट लिहून बघा, ही पानं सिनेमात येणार नाहीत तरी. त्या वावरानं त्याचा पोरगा नेला. मक्त्यानं दिलं तर वर्षाची ठरलेली रक्कम हातात पडते, नातीची फी भरता येते, आणि सून रात्री अंगणात उठून बसली तर त्याच्या छातीत धस्स होत नाही. तो चूक नाही. तीही चूक नाही. मुख्य प्रवाहातला सिनेमा संघर्ष मागतो म्हणतात, तो हाच. दोन बरोबर माणसं एका चार एकरांवर उभी राहिली की लेखकाला फारसं काही करावं लागत नाही.

शासनाच्या मदतीचा धागा तुम्ही एका संवादात आणून सोडून दिलाय. तो वाढवा. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाची मदत मिळते, तीस हजार लगेच आणि सत्तर हजार मुदत ठेवीत, पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज कोणाच्या नावावर होतं, ते थकलं होतं का, हे तपासलं जातं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय देते. तुमच्या नायिकेला नवऱ्याच्या मरणाचं कारण कागदावर सिद्ध करायचं आहे, आणि त्यासाठी लागणारे कागद सासऱ्याच्या पेटीत आहेत. ही दृश्यं ओरडून लिहू नका. टेबलापलीकडचा कारकून सभ्य असू द्या. तो सभ्य असला की दुःख कुठे टेकवायचं हे तिला आणि प्रेक्षकालाही कळत नाही.

आता ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे ते. कोणाला काय, कधी कळतं. कथन म्हणजे याचीच वाटणी, आणि घटना कमी असलेल्या गोष्टीला हीच वाटणी तारते. विदर्भातल्याच गोष्टीचं उदाहरण घ्या. २००९ सालच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केल्यावर अलका आपल्या नवऱ्यावर, किसनावर नजर ठेवायला लागते. त्याला एकटं सोडायचं नाही, खायला चांगलंचुंगलं करायचं, पोराला त्याच्या मागे पाठवायचं. तिच्या मनातली भीती आपल्याला ठाऊक असते, त्याला नसते. त्यामुळे साधं पुरणाचं ताट वाढलं तरी बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. दिग्दर्शक सतीश मनवर यांनी पावसाची वाट पाहणं तेवढं दाखवलं असतं तर ते हवामानाचं चित्र झालं असतं.

तुमच्या गोष्टीत हे कसं येईल? समजा, सासऱ्यानं मेमध्येच शेजाऱ्याकडून मक्त्याचा इसार घेतलाय. प्रेक्षकानं ते पाहिलंय, सुनेनं नाही. ती भावाकडून पैसे आणते, पाकिटं घरात ठेवते, शेणखताच्या बंड्या टाकून घेते. ओसरीवर बसून सासरा तंबाखू मळतोय. ती म्हणते, 'मामाजी, पाकिटं आणून ठेवलीत.' तो म्हणतो, 'पाणी तं पडू दे, मंग पाहू.' यात काही घडलं का? शिबिराच्या भाषेत काही नाही. पण हे दृश्य मी दोन मिनिटं न कापता ठेवीन आणि लोक श्वास धरून बसतील. तुमच्या आताच्या ड्राफ्टमध्ये इसाराची गोष्ट तिला आणि आपल्याला एकदमच कळते, शेजारी बैल घेऊन वावरात उतरतो तेव्हा. त्यातून एक धक्का मिळतो, तो अर्ध्या मिनिटात ओसरतो. आधी सांगितलं असतं तर वीस मिनिटांची धास्ती मिळाली असती. तुमच्याकडे धक्क्याची एकच जागा राखून ठेवा: नवऱ्याची उधारीची वही कोणाच्या घरात सापडते ती.

संकटांची रास लावू नका. दुबार पेरणी, बोंडअळी, रोही (नीलगाई) आणि रानडुकरं, अवकाळी पाऊस, हे सगळं एका हंगामात येतं हे मला मान्य आहे, खऱ्या आयुष्यात येतंच. पडद्यावर तिसऱ्या संकटानंतर माणूस सुन्न होऊन मोजायचं थांबतो. एक निवडा. माझ्या मते दुबार पेरणी, कारण तिथे बाईला निर्णय घ्यावा लागतो. बोंडअळीपाशी ती फक्त सोसते.

चित्रांच्या रूढींबद्दल. तुमच्या पहिल्या पानावर भेगाळलेली जमीन आहे आणि कपाळावर हात धरून आभाळाकडे पाहणारा म्हातारा आहे. दोन्ही काढा. हे दुष्काळाचं सिनेमातलं ठरलेलं चिन्ह झालंय, आणि आपल्याकडे ते चक्क खोटं आहे. काळी कसदार माती दर उन्हाळ्यात भेगाळते, चांगल्या वर्षीही. आपल्याकडचा शेतकरी ते बघून घाबरत नाही. यवतमाळात सरासरी ९०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमचं दुखणं पाऊस नसण्यापेक्षा तो वेळेवर नसण्याचं, खर्चाचं आणि भावाचं आहे. तुमची भीती हिरव्या रंगात दाखवा. गुडघाभर पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, स्वच्छ डवरलेल्या ओळी, वरून ढग, आणि पाऊस नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला ते सुंदर दिसेल, आणि तुमच्या नायिकेचा चेहरा बघून त्याला कळेल की सुंदर नाही.

संवादाची मांडणीही अशीच. समोरासमोर दोन माणसं, आधी याचा चेहरा, मग त्याचा, ही रूढी जगभर चालते, कारण नजरेला नजर भिडली की प्रेक्षकाला जागा कळते. आपल्याकडे घरातलं अवघड बोलणं समोरासमोर होतच नाही. सून आणि सासरा एकमेकांकडे न बघता, हाताला काम ठेवून बोलतात. ती तूर पाखडतेय, तो दावं वळतोय, दोघांची तोंडं अंगणाकडे. तेव्हा दोघांना एका चौकटीत शेजारी ठेवा, आणि चेहऱ्यांचे वेगवेगळे शॉट सबंध सिनेमात एकाच प्रसंगासाठी राखा, ज्या दिवशी ती त्याच्या डोळ्यांत बघून बोलते त्यासाठी. प्रेक्षकाला का ते सांगता येणार नाही, पण ठोका चुकेल. कॅमेरा एकाच बाजूला ठेवण्याचा १८० अंशांचा नियम मात्र वेचणीच्या प्रसंगात पाळाच. बायांची रांग एका दिशेनं सरकते. कॅमेरा ओळीच्या पलीकडे उडी मारून गेला की त्या परत फिरल्यासारख्या दिसतात, आणि कोणाचं गाठोडं किती भरलं हा धागाच तुटतो.

रूढी मोडायचीच असेल तर आधी ती पुरेशी पाळलेली असावी लागते. 'सैराट'चा (२०१६) शेवट सगळ्यांना आठवतो, तो आवाज काढून घेतलेला शेवट. ती शांतता पेलली, कारण त्याआधीचा पहिला भाग गाण्यांनी आणि भरगच्च वाद्यवृंदानं भरलेला होता. तुमचा सिनेमा पहिल्या मिनिटापासून पार्श्वसंगीताशिवाय आहे, त्यामुळे शेवटची शांतता वेगळी जाणवणार नाही. एक गाणं घ्या. भुलाबाईची गाणी आहेत तुमच्याकडे, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी म्हणतात. तिची पोरगी त्यात आहे. नेमकी तेव्हाच बोंडं भरत असतात.

'खेड्यातल्या लोकांना संथ सिनेमा चालत नाही' असं शिबिरात कोणी म्हणालं असेल तर त्या माणसाला दिवाळीनंतर झाडीपट्टीत पाठवा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, धान निघालं की गावोगाव नाटकं लागतात, वडशाच्या नाटक कंपन्या फिरतात, आणि पोरंबाळं घेऊन लोक थंडीत रात्रभर नाटक बघतात. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. हे लोक सहज उठतील असं समजण्याचं कारण नाही. पण ते का बसतात तेही नीट बघा. तिथला लेखक प्रत्येक प्रवेश संपवताना काहीतरी उघडं ठेवतो: चिठ्ठी चुकीच्या हातात पडलेली असते, भाऊ दाराआड उभा असतो. मधे विनोद येतो, लावणी येते, गोष्ट अर्धा तास थांबते, तरी ते उघडं राहिलेलं कोणी विसरत नाही. तुमच्या संथ प्रसंगांना तेवढंच हवंय. वेग वाढवू नका.

शेवटाकडे येतो. तुम्ही पहिल्या वेच्यावर थांबता: सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा होते, पांढरं वावर, बाईच्या ओंजळीत कापूस. सीतादही ठेवा, आणि ते कोण करणार, ती की सासू, यावर घरात एक प्रसंग होऊ द्या. पण तिथे सिनेमा संपवू नका, कारण तुम्ही लावलेला प्रश्न तिथे सुटत नाही. कपाशी येईल की नाही एवढंच विचारायचं असतं तर गोष्ट पावसाची झाली असती. ही गोष्ट जमीन कोणाची आणि कष्ट कोणाचे याची आहे, आणि ते विक्रीच्या दिवशी कळतं. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या केंद्रावर कापूस द्यायचा तर सातबारा लागतो, त्यावर कपाशीचा पेरा लागतो, आणि पैसे खातेदाराच्या बँक खात्यात जातात. म्हणजे सासऱ्याच्या. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. गावात येणारा व्यापारी त्याहून कमी देतो, पण रोख देतो, आणि तिच्या हातात देतो. भाव घ्यायचा की हातात पैसा घ्यायचा? बाहेरच्या प्रेक्षकालाही हे एका वाक्यात समजतं, आणि याचं बरोबर उत्तर कोणाकडे नाही.

माझं मत विचाराल तर तिनं सीसीआयकडे जावं. व्यापाऱ्याकडे गेली तर गोष्ट तिच्यापुरती सुटते. केंद्रावर गेली तर पुढचा प्रसंग बँकेतला येतो, विड्रॉल स्लिपवर सही सासऱ्याची लागते, आणि दोघांना एका बंडीत किंवा एका एसटीच्या बाकावर बसून तालुक्याला जावं लागतं. वर ज्या नजरेच्या शॉटबद्दल बोललो त्याची जागा हीच. हा प्रसंग आधी लिहा, मग मागे येत सगळी पटकथा त्याच्यापर्यंत पोचते का ते तपासा.

निर्मात्याशी बोलताना एक अडचण येणार आहे ती आताच सांगतो. मराठी सिनेमा सहसा एका सलग शेड्यूलमध्ये उरकला जातो, आणि तुमचं पीक एका शेड्यूलमध्ये बसत नाही. उन्हाळ्यातली वखरणी, जूनमधली टोबणी, पोळ्याच्या सुमाराची पऱ्हाटी आणि नोव्हेंबरातला वेचा असे किमान चार तुकडे लागतील, आणि वावर तेच हवं. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याचं चार एकर आत्ताच ठरवा, त्यात काय लागणार हे त्याच्याशी बोलून घ्या, आणि पटकथेतली बाहेरची दृश्यं या चार तुकड्यांत आधीच वाटून ठेवा. घरातली, तहसीलमधली आणि बँकेतली दृश्यं कुठल्याही तुकड्यात घेता येतील. हा तक्ता पटकथेसोबत जोडलात तर निर्माता सावकाराबद्दल विचारण्याआधी पैशाबद्दल विचारेल, आणि तिथे तुमच्याकडे उत्तर तयार असेल.